बोलका आहे

एखाद्याला नोकरी लावून देणं अवघड असतं. ती लागू न देणं फार सोपं. त्याला कागद लागत नाही, सही लागत नाही, साक्षीदार तर नाहीच नाही. टेलिफोनवर एक शब्द पुरतो. असा एक शब्द मी वापरलेला आहे. आता वय त्र्याहत्तर झालं. तो दुरुस्त करून ठेवायचा आहे.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी पर्सोनेल ऑफिसर होतो. हल्ली या खात्याला एचआर म्हणतात. माझ्या सासऱ्यांचा शेवटपर्यंत समज होता की जावई कामगारांची हजेरी घेतो. हजेरी टाइम ऑफिस घेतं. आम्ही माणसं घ्यायचो, ठेवायचो आणि वरून हुकूम आला की काढायचो. तिन्ही कामांचं टेबल एकच आणि खुर्चीही एकच.

कामगार सोडून जाताना त्याला सर्व्हिस सर्टिफिकेट द्यावं लागतं. त्यात सगळ्यांना एकच वाक्य असायचं: ‘काम व वर्तणूक समाधानकारक.’ ज्यानं सुपरवायझरच्या अंगावर पाना फेकला त्यालाही हेच. वेगळं काही लिहिलं तर उद्या कोर्टात उत्तर देत बसा. त्यामुळं त्या कागदावर कुणाचा विश्वास नव्हता. नवीन ठिकाणचा पर्सोनेलवाला जुन्या ठिकाणच्या पर्सोनेलवाल्याला फोन करायचा आणि खरं काय ते तिथं कळायचं.

तेही सरळ नाही. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा, सगळीकडचे आम्ही एकमेकांना ओळखून होतो, महिन्यातून एकदा एकत्र जेवायचो. आमची एक भाषा तयार झाली होती. ‘तब्येत जरा नाजूक आहे’ म्हणजे पितो. ‘शेतीची आवड आहे’ म्हणजे पेरणी आणि सोंगणीला गावाकडं पळतो. ‘घरचं चांगलं आहे’ म्हणजे ऐकून घेणार नाही. ‘बोलका आहे’ म्हणजे युनियन करील, गेटवर चार माणसं जमवील, घेऊ नका. आणि ‘डोळे झाकून’ म्हणजे डोळे झाकून. ही भाषा कुणी शिकवत नसे. नवा ऑफिसर सहा महिन्यांत आपोआप शिकायचा. तिचा आम्हाला अभिमान होता. कुणाचा अपमान नाही, कुणाबद्दल वाईट शब्द नाही, लेखी काही नाही. सगळं कसं सभ्य.

आता मच्छिंद्र निकमबद्दल.

मच्छिंद्र पिशोरचा. आमच्या प्रेस शॉपमध्ये डाय सेटर होता. पॉवर प्रेस म्हणजे पत्रा कापणारं यंत्र. त्यात खाली डाय आणि वर पंच असा जोडीचा साचा बसवतात. दोघांमध्ये केसाएवढी फट, आणि ती चारी बाजूंनी सारखी असावी लागते. ती चुकली की कापलेल्या तुकड्याच्या कडेला धारदार कंगोरा राहतो. त्याला बर म्हणतात. हा साचा बसवणारा तो डाय सेटर. दुसरे लोक पाच-सात तुकडे वाया घालवून फट जुळवायचे. मच्छिंद्रचा बहुतेक वेळा पहिलाच तुकडा पास व्हायचा.

आणि हे करताना त्याचं तोंड चालू असायचं. साच्याशी बोलायचा, मशीनशी बोलायचा, नवीन माणसाला तर सोडायचाच नाही. “अय पाहुण्या, मशीनची नाडी बघतो का? काढ हात बाहेर! ती डॉक्टर नाय ओळखत, बोटं घेती फक्त.” हसता हसता माणूस शिकायचा. मच्छिंद्रच्या पाळीत कुणाचं बोट गेल्याचं मला आठवत नाही. माझ्या फाइलीत हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, कारण फाइलीत न घडलेल्या गोष्टी लिहीत नाहीत.

मग प्रेस शॉप दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरलं. मॅनेजरनी सगळ्यांना गेटजवळ जमवून सांगितलं. मी शेजारी उभा. मच्छिंद्रनं हात वर केला.

“धारूरकरसाहेब, तुम्हाला कधी कळलं हे?”

“कालच,” मी म्हणालो.

“काल? मंग मागल्या महिन्यात आमचे फोटो कामून गोळा केले होते? लग्न जमवायचं होतं का आमचं?”

फोटो कामावरून कमी करण्याच्या कागदांसाठीच घेतले होते. माणसं हसली. ज्यांची नोकरी चालली होती ती माणसं पोट धरून हसली. मॅनेजरसुद्धा मान फिरवून हसले. माझे कान तापले.

पंधरा दिवसांनी वाळूजच्या एका कारखान्यातून गोरेचा फोन आला. गोरे तिथला पर्सोनेल ऑफिसर, माझ्या जेवणाच्या पंगतीतला.

“धारूरकर, तुमचा निकम आलाय इकडं. ट्रेड टेस्टमध्ये एक नंबर. माणूस कसाय?”

मी सह्या करत होतो. मान वर न करता म्हणालो, “कामाला सोनं आहे. आणि बोलका आहे, एकदम बोलका.”

मला साधंच म्हणायचं होतं. घरी आपण एखाद्या लेकराबद्दल म्हणतो तसं.

“बोलका? बरं झालं यार सांगितलंस.”

मी काय बोलून बसलो ते त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. ‘अरे तसा नव्हे, गप्पिष्ट आहे’, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण त्याच वेळी फोटोंवरून गेटजवळ माणसं हसली होती ते मला आठवलं. “बघा तुम्ही,” एवढं बोलून मी फोन ठेवला.

शब्द चुकून गेला. त्यानंतर गप्प मात्र मी जाणूनबुजून राहिलो. या दोन गोष्टी मी वर्षानुवर्षं एकात एक मिसळून ‘चूक झाली’ असं स्वतःला सांगत आलो. इथं त्या वेगळ्या करून लिहितो.

गोरेनं पुढच्या जेवणात तो शब्द सगळ्यांना वाटला. मच्छिंद्र एकेका कारखान्यात जाई, साचा बसवून दाखवी, सुपरवायझर खूश होई, मग इंटरव्ह्यू आणि मग ‘कळवतो’. सात-आठ ठिकाणं झाल्यावर तो माझ्याकडं आला. माझी नोकरी अर्थातच शाबूत होती.

“साहेब, हात तर माझा कुठं चुकत नाय. मंग मी चुकतोय कुठं?”

मी त्याला पाणी दिलं. आणि सांगितलं, “मच्छिंद्र, तू इंटरव्ह्यूत फार बोलतोस. कमी बोलत जा.”

त्यानं मान डोलावली. “व्हय साहेब. बायको बी तेच म्हणती.” आणि जाताना तो माझ्या पाया पडला.

नंतर कळलं की तो शाळेची व्हॅन चालवतो. गारखेड्याच्या सिग्नलला ती पिवळी व्हॅन दोन-तीनदा दिसली. मी दर वेळी तोंड दुसरीकडं केलं.

निवृत्तीनंतर सिडकोतल्या आमच्या वाचनालयात मी एक टेबल मागून घेतलं. सकाळी नऊ ते अकरा. पाटी लावली: ‘बायोडाटा लिहून मिळेल. नोकरीविषयी सल्ला. मोफत.’ लोकांना हे समाजकार्य वाटतं. एकदा माझा सत्कारही झाला, नारळ आणि शाल. तो नारळ घरी आणून फोडायला माझा हात होईना. सौभाग्यवतींना वाटलं, गुडघे दुखतात म्हणून खाली बसत नाही.

सल्ला मात्र मी खरा देतो. ज्या दारातून लोकांना परत पाठवलं त्या दाराच्या कड्या मला माहीत आहेत. लोक बायोडाटात हुद्दा लिहितात, ‘ऑपरेटर’, ‘असिस्टंट’. हुद्द्यावरून समोरच्याला काही कळत नाही. हातानं रोज काय करत होतात ते लिहा. ‘कुठलंही काम चालेल’ असं कधी म्हणू नका. ते ऐकलं की आम्ही समजायचो, याला कुठलंच येत नाही. मध्ये दोन वर्षं घरी होतात तर तसं सांगा, लपवलेला खंड आम्हाला पहिल्या मिनिटाला दिसतो. जाहिरातीची वाट बघू नका, जुन्या सोबत्यांना जाऊन भेटा. पण ‘नोकरी आहे का’ विचारू नका, ‘तुमच्याकडं सध्या कशाची अडचण आहे’ ते विचारा. आणि क्षेत्र बदलायचं असेल तर जुन्या कामातलं काय सोबत नेता येतं ते आधी शोधा.

अजिंठ्याचा एक जण आला होता. लेण्यांपाशी रंगीत दगड विकायचा. बायोडाटात शिक्षण बारावी, छंद वाचन. मी विचारलं, “दगड विकता म्हणजे काय करता?” त्यानं उभं राहून खणखणीत जपानी भाषण ठोकलं. वाचनालयात पेपर वाचणारे चष्मे काढून बघायला लागले. “हे इथं का नाही लिहिलं?” तर म्हणाला, “ते काय शिक्षण आहे का काका, ते तर येतंच.” आज तो शेंद्र्याच्या एका कंपनीत परदेशी पाहुण्यांची व्यवस्था बघतो. माणसाला जे सहज येतं ते तो कधीच लिहीत नाही. माझं अर्धं काम ते काढून घेण्याचं.

शेवटचा सल्ला मी प्रत्येकाला न चुकता देतो. ओळखीसाठी ज्याचं नाव देणार आहात त्याला आधी जाऊन भेटा आणि तो तुमच्याबद्दल कुठला शब्द वापरणार आहे ते त्याच्याच तोंडून ऐका. हे मला कसं सुचलं ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

यंदा एका सोमवारी टेबलासमोर एक बाई येऊन बसल्या आणि मागं उभ्या नवऱ्याला म्हणाल्या, “बसा की, का साहेबांनी आरती करावी तुमची?” नवरा बसला. केस पांढरे, पाठ थोडी वाकलेली. मी लगेच ओळखलं.

“धारूरकरसाहेब ना? मी कमल. निकमांची घरवाली. शाळेनं स्वतःच्या बसा घेतल्या. व्हॅन बंद. आता त्रेपन्नाव्या वर्षी कोण ठेवतंय ह्यांना? तर शेंद्र्याला ट्रेनिंग सेंटर निघालंय, तिथं साचे शिकवायला माणूस पाहिजे. अर्ज भरला, बोलावलंय बी. गुरुवारी पोरांपुढं दहा मिनिटं शिकवून दाखवायचंय. पण शिकवणार कसं? हे बोलतच नाहीत!”

मच्छिंद्र माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत होता.

“व्हॅनमधली लेकरं ह्यांना काय म्हणायची माहितंय? गप्पकाका. माझं चुकलंच साहेब. तवा सगळीकडून नकार यायचा, मी रोज म्हणायची, तुमचं तोंडच तुम्हाला खातंय. मंग तुम्ही बी तेच सांगितलं. तवापासून घरात बी भाजीत मीठ नसलं तरी बोलायचे नाहीत.”

मी लेखणी उघडली, बंद केली. मग जे येतं ते केलं: प्रश्न विचारायला लागलो. मच्छिंद्र म्हणाला, “ड्रायव्हर लिहा.” मी म्हणालो, “ड्रायव्हर नंतर. आधी डाय सेटर.” प्रेस किती टनाचे, साचे कोणते, नवीन माणसं किती तयार केली. एकेक शब्द ओढून काढावा लागला. बायोडाटा झाला. पण गुरुवारचं काय? मी म्हणालो, “समज, मी नवा माणूस आहे. मला फट जुळवायला शिकव.”

तो उभा राहिला. “हा पंच. हा डाय. फट सारखी पाहिजे.” आणि थांबला. घाम पुसला. “झालं.”

मंगळवारी पुन्हा तेच. तीन वाक्यं, ‘झालं.’ कमलबाई तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघत बसल्या. मी त्याला आवाज, उभं राहणं, सुरुवात कशी करायची, सगळं सांगत होतो. सांगतानाच कळत होतं की त्याला यातलं काहीच नको आहे. त्याला एकच गोष्ट हवी होती आणि ती माझ्याकडं होती. ती न देता मी त्याला गुरुवारी पाठवलं असतं तर दुसऱ्यांदा मीच त्याची नोकरी घालवली असती.

“मच्छिंद्र, थांब,” मी म्हणालो. “तुझं बोलणं कधीच चुकलं नव्हतं.”

मग सगळं सांगितलं. आमची ती भाषा, गोरेचा फोन, तो शब्द. फोटोचं हसणंही सांगितलं, ते गाळावंसं फार वाटत होतं. आणि तो पाया पडून गेला त्या दिवशी मला सगळं माहीत होतं, हेही.

कमलबाई आधी उठल्या. “अठरा वर्षं,” त्या म्हणाल्या. “अठरा वर्षं मी ह्यांच्या तोंडाला दोष देतेय. आणि तुम्ही इथं पाटी लावून सल्ले देताय?” पेपर वाचणारे सगळे आमच्याकडं बघत होते. मी मान खाली घातली नाही. त्यांना बघू दिलं.

मच्छिंद्रनं एवढंच विचारलं, “बोलका म्हणजे वाईट, हे ठरवलं कुणी?”

“आम्हीच.”

त्यानं चप्पल घातली आणि गेला. बायोडाटा टेबलावरच राहिला.

बुधवारी तो आला नाही. मी अकरानंतरही बसून राहिलो. गुरुवारी सकाळी ठरवलं, तो जावो न जावो, मी शेंद्र्याला जातो आणि त्या लोकांना सांगतो. शर्ट घालत होतो तेवढ्यात फोन वाजला. ट्रेनिंग सेंटरमधून एक मुलगी बोलत होती.

“सर, मच्छिंद्र निकम यांनी रेफरन्समध्ये तुमचं नाव दिलंय. दोन मिनिटं बोलता येईल? माणूस म्हणून कसे आहेत ते?”

नाव त्यानं दिलं होतं. मंगळवारच्या आधी की नंतर, हे मी आजवर विचारलेलं नाही.

“कामाला सोनं आहे,” मी म्हणालो. “आणि बोलका आहे.”

“म्हणजे?”

किती वर्षं मला कुणी ‘म्हणजे?’ असं विचारावं म्हणून मी थांबलो होतो. गोरेनं विचारलं नव्हतं. मी तिला पाच मिनिटं सांगितलं. तो बोलत बोलत शिकवायचा, म्हणून आमच्या शॉपमध्ये माणसांची बोटं शाबूत राहिली. “आज तो कदाचित अडखळेल,” मी म्हणालो, “त्याला मी कारण आहे, तो नाही. थोडी वाट बघा.”

“सर, त्यांचा डेमो झाला की मघाशीच,” ती म्हणाली. “दहा मिनिटं दिली होती. ते थांबेचनात!”

तिथं काय झालं ते मला नंतर कमलबाईंकडून कळलं, त्या दाराशी उभ्या होत्या. सुरुवातीला तीच तीन वाक्यं झाली आणि तो थांबला. मग समोरच्या एका मुलानं कापलेला तुकडा हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. मच्छिंद्र म्हणाला, “अय पाहुण्या, त्याला चष्मा लावून बघतो का? नख फिरव कडेवरून. कुठं अडतंय? एकाच बाजूला ना? मंग पंच मधोमध नाय, सरकलाय. तुझ्या अंगठ्यानं सांगितलं, मशीनला विचारायची गरज नाय.” पोरं हसली. हसली म्हणताच हा सुटला.

शनिवारी तो माझ्या घरी आला. नेमणुकीचा कागद खिशात होता, पण तो दाखवायला आला नव्हता. खुर्चीवर बसला आणि बोलायला लागला. व्हॅनबद्दल बोलला. बोलायला गेलं की घशाशी येऊन अडकायचं, त्याबद्दल बोलला. बहिणीच्या लग्नात पाहुण्यांनी ‘हे मुके आहेत का’ विचारलं, त्याबद्दल. सिग्नलला मी तोंड फिरवायचो तेही त्याला दिसलं होतं. मला नावं ठेवली, तीही मराठवाड्यात ठेवतात तशी, आडपडदा न ठेवता. आमच्या घरात चहा दोनदा गार झाला. मी एकदाही मध्ये बोललो नाही.

शेवटी मी म्हणालो, “माफ कर म्हणणार नाही. मी काय करू ते सांग.”

“ते सर्टिफिकेट आठवतंय, साहेब? समाधानकारक? सगळ्यांना सारखं?” तो उठत म्हणाला. “माझं नीट लिहून द्या. आणि घरात ठेवायला नको. तुमचा तो शब्द पूर्ण गावात फिरला होता. हे बी फिरलं पाहिजे. छापून आणा.”

“तुझं नाव घालून?”

“मंग काय नुसता फोटो छापता? तो तर तुम्ही मागंच घेतलाय,” मच्छिंद्र म्हणाला.

माझे जुने सोबती हे वाचतील, काही नाराज होतील. त्यांच्यापैकी ज्यांनी असे शब्द वापरले असतील त्यांनी आपापल्या माणसांना शोधून काढावं. पत्ते सापडतात, मीही हल्ली माझी बाकीची माणसं शोधतो आहे. टेबल चालू आहे. पाटीवर मात्र ‘सल्ला’च्या खाली एक ओळ वाढवली आहे: ‘बसणाऱ्यानं आधी मला विचारावं, मी कोण होतो.’ विचारलं की मी सांगतो.

कारखाना राहिला नाही, त्याचा शिक्का माझ्याजवळ नाही. तरी पर्सोनेल ऑफिसर या नात्यानं, जो कागद तेव्हा द्यायला हवा होता तो देत आहे.

श्री. मच्छिंद्र निकम, राहणार मूळचे पिशोर, आमच्या प्रेस शॉपमध्ये डाय सेटर होते. कामाला सोनं. त्यांच्या पाळीत कुणाचं बोट गेलं नाही. ते बोलके आहेत. या शब्दाचा घरोघरी जो अर्थ होतो, तोच इथं घ्यावा.